लष्करी डॉक्टरशी लग्न केल्यास लष्करी नर्सची नोकरी जाते का? लग्न ठाण्यात करायचंय.

नाही, लग्नामुळे तिची नोकरी जात नाही. लग्न केलं की नोकरीतून काढण्याचा मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधला जुना नियम १९९५ मध्येच मागे घेतला गेला आणि २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो मनमानी ठरवला. खरी अडचण रजेची. विशेष विवाह कायद्याने, म्हणजे नोंदणी पद्धतीने लग्न करायचं तर ३० दिवस आधी नोटीस लागते, शिवाय दोघांपैकी एकाने नोटिशीआधीचे ३० दिवस ठाणे जिल्ह्यात राहिलेलं हवं. सीमेवर पेटलं की रजा रद्द होते, आणि नोटिशीपासून ३ महिन्यांत लग्न झालं नाही तर ती बाद, पुन्हा पहिल्यापासून सगळं. मात्र दोघं हिंदू असतील तर मिळालेल्या चार दिवसांत सप्तपदी उरका, नोंदणी नंतर करा. प्रमाणपत्र मिळताच दोघांच्याही युनिटमध्ये नोंद करून घ्या; एकत्र पोस्टिंग मागताना तीच दाखवावी लागते.