एसी लावला की इंजिन तापते: हेड उतरवण्याआधी काय तपासावे

तुम्ही दिलेल्या वर्णनातील काही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या, तर निदानाची दिशा बरीचशी तिथेच ठरते. गाडी २००८ सालची, पेट्रोलवर चालणारी लहान हॅचबॅक आहे. पुण्यातल्या दुपारच्या गर्दीत एसी चालू असताना तापमानाचा काटा वर चढतो आणि एसी बंद केला की थोड्या वेळात खाली येतो. महामार्गावर मात्र एसी लावूनही काटा जागचा हलत नाही, फक्त खंबाटकीचा घाट चढताना तो थोडा वर सरकतो. कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी कमी होत नाही. मेकॅनिकने थर्मोस्टॅट (कूलंट तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) काढून टाकला, त्याने काही फरक पडला नाही, आणि आता हेड (सिलिंडरांवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग) उतरवून पाहू असे त्याचे म्हणणे आहे. एवढ्या माहितीवर हेडला हात लावू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वेगात थंड राहणारी आणि उभी राहिली की तापणारी गाडी बहुतेक वेळा हवा अपुरी मिळत असल्याचे सांगत असते, आणि हवेचा मार्ग तपासायला इंजिन उघडावे लागत नाही.

एसी लावल्यावर नेमके काय घडते, ते आधी पाहू. एसीचा कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा पंप) फिरवण्यासाठी इंजिनाला जास्त काम करावे लागते, हा पहिला बोजा. पण उभ्या गाडीत त्याहून मोठा बोजा कंडेन्सरचा असतो, कारण तो रेडिएटरच्या (कूलंट थंड करणाऱ्या जाळीच्या) अगदी पुढे बसवलेला असतो आणि गाडीच्या आतून काढलेली सगळी उष्णता, कॉम्प्रेसरने घातलेल्या उष्णतेसह, रेडिएटरकडे जाणाऱ्या हवेतच सोडतो. उदाहरणादाखल हिशेब करू. बाहेर ४० अंश सेल्सिअस तापमान आहे आणि कूलंट ९५ अंशांवर आहे. एसी बंद असताना रेडिएटरला ५५ अंशांचा फरक मिळतो. एसी चालू असताना कंडेन्सरमधून पार झालेली हवा ५५ अंशांची झाली, तर हाच फरक ४० अंशांवर येतो, आणि रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकू शकेल हे जवळपास त्या फरकाच्या प्रमाणात ठरत असल्याने त्याची क्षमता एका झटक्यात पाव हिश्शाहून अधिक घटते. नवीन गाडीत ही घट सामावून घेण्याइतकी शिल्लक ठेवलेली असते. इतक्या वर्षांच्या धुळीने, गंजाने आणि झिजलेल्या मोटारीने ती शिल्लक संपलेली असते, म्हणून एसीशिवाय सुरळीत चालणारी गाडी एसी लावताच तापू लागते.

आता एक प्रश्न, ज्याचे उत्तर तुम्ही घरबसल्या शोधू शकता आणि जे मला सर्वांत मोलाचे वाटते: सिग्नलला उभे असताना काटा चढतो, तेव्हा एसीचा गारवाही कमी होतो का? कंडेन्सर आणि रेडिएटर एकाच हवेवर जगतात. हवा कमी पडली तर दोघांनाही त्रास होतो. इंजिन तापते आणि त्याच वेळी आत येणारी हवा कोमट होते, आणि गाडी धावू लागताच दोन्ही तक्रारी एकत्र मिटतात. याउलट एसी शेवटपर्यंत चांगला गार राहिला आणि फक्त इंजिन तापले, तर दोष रेडिएटरच्या आत किंवा कूलंटच्या प्रवाहात असण्याची शक्यता वाढते. आयडलिंगला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू असताना) कॉम्प्रेसर हळू फिरत असल्याने एसी थोडा मंदावतोच, त्यामुळे ही परीक्षा गाडी उभी ठेवून आणि इंजिन साधारण १५०० आरपीएमवर धरून करावी. त्याच वेळी काट्याकडेही लक्ष ठेवा. आरपीएम वाढवल्यावर काटा खाली आला तर वॉटर पंप, पट्टा किंवा अल्टरनेटरचा (पंख्याला वीज पुरवणाऱ्या जनित्राचा) विचार करावा लागतो. तो खाली न येता चढतच राहिला तर संशय पुन्हा हवेवर येतो.

काट्यावर आंधळा विश्वास मात्र ठेवू नये. बऱ्याच गाड्यांत तो मधल्या टप्प्यात मुद्दाम स्थिर राखलेला असतो आणि तापमान बरेच वाढल्यावरच हलतो. सेन्सर किंवा त्याची अर्थिंग बिघडली असेल तर इंजिन न तापताही तो वर जातो. इन्फ्रारेड थर्मामीटर आता सहज मिळतो. थर्मोस्टॅट हाउसिंगवर आणि रेडिएटरच्या वरच्या होजवर धरून तापमान मोजा आणि काट्याशी ताडून पाहा. चकचकीत धातूवर हे यंत्र कमी आकडा दाखवते, म्हणून तिथे काळी चिकटपट्टी लावून मोजावे.

यानंतर पंखा. यावर मी थोडे लांबवणार आहे, कारण "पंखा फिरतो आहे" एवढे पाहून समाधान मानण्याची सवय फार महागात पडते. बहुतेक गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर लागताच पंखा सुरू व्हायला हवा. कूलंट तापण्याची वाट त्याने पाहू नये. काही गाड्यांत मात्र गॅसचा दाब वाढल्यावर प्रेशर स्विच त्याला चालू करतो किंवा त्याचा वेग वाढवतो. तुमच्या गाडीत रेडिएटरचा वेगळा आणि कंडेन्सरचा वेगळा असे दोन पंखे असतील, तर एसीवर दोन्ही फिरतात का ते पाहा. एकच पंखा दोन वेगांचा असेल, तर कमी वेगासाठी असलेला रेझिस्टर जळाला आहे का ते पाहा. तो जळला असेल तर पंखा थेट जास्त वेगाची वेळ येईपर्यंत गप्प बसतो आणि तोपर्यंत इंजिन बरेच तापलेले असते.

पंखा फिरत असला तरी तो पूर्ण वेगाने फिरतो का, हे मल्टिमीटरनेच कळते. इंजिन, एसी, ब्लोअर आणि हेडलाइट चालू ठेवून आधी बॅटरीवर आणि मग पंख्याच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.४ व्होल्ट असावेत आणि पंख्यापाशी त्यापेक्षा अर्ध्या व्होल्टहून फार कमी नसावेत. बॅटरीवर १४ आणि पंख्यावर ११ असतील, तर मधला फरक रिलेच्या (पंखा चालू करणाऱ्या विजेच्या स्विचच्या) जळक्या टोकांत, सैल फ्यूजमध्ये किंवा गंजलेल्या अर्थिंगमध्ये खर्च होतो आहे. कोकणात किंवा गोव्यात राहिलेल्या गाड्यांमध्ये ही अर्थिंगची तार मी सर्वांत आधी तपासतो. व्होल्टेज नीट असूनही पंखा मंद वाटला तर मोटारीचे ब्रश झिजले असावेत. अशी मोटार थंड असताना व्यवस्थित चालते आणि अर्ध्या तासाने, स्वतःही तापल्यावर, हळू पडते किंवा थांबते, त्यामुळे गॅरेजमध्ये पाच मिनिटांच्या तपासणीत ती निर्दोष ठरते. मोटार पूर्वी कधी बदलली असेल तर आणखी एक गोष्ट बघावी. दोन तारा उलट जोडल्या गेल्या की पंखा उलट फिरतो आणि हवा आत खेचण्याऐवजी पुढे ढकलतो. पंखा रेडिएटरच्या मागे असेल तर पुढच्या जाळीपाशी कागद धरा. तो आतल्या बाजूला ओढला जाऊन चिकटून राहायला हवा. हे करताना हात, बाह्या आणि ओढण्या पात्यांपासून दूर ठेवा. गरम गाडीत चावी बंद असतानाही काही पंखे अचानक सुरू होतात.

पंख्याला बॅटरीतून फ्यूजसह थेट वीज देऊन गाडी तासभर गर्दीत चालवणे ही चांगली चाचणी आहे. तापणे थांबले तर मोटार ठीक असून रिले, टेम्परेचर स्विच किंवा प्रेशर स्विच दोषी आहे. कायमचा उपाय म्हणून "पंखा डायरेक्ट करून देतो" हे मात्र मान्य करू नका. फ्यूज नसलेली अशी जोडणी आग लावू शकते.

पंखा निर्दोष निघाला, तर माझा पुढचा संशय कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीवर आहे, आणि तुमच्या गाडीचे वय पाहता तो बराच बळकट आहे. पुढून पाहिले तर कंडेन्सरची जाळी स्वच्छ दिसते, मागून पाहिले तर रेडिएटरही ठीक दिसतो. पण दोघांच्या मध्ये धूळ, किडे, वाळलेला पालापाचोळा आणि ऑइलच्या ओशट थरावर चिकटलेला कापूस यांचा गोधडीसारखा पापुद्रा जमलेला असतो. तो बाहेरून कोणत्याच बाजूने दिसत नाही, आणि दर आठवड्याला गाडी धुतली तरी निघत नाही. पुढून पाण्याचा फवारा मारला तर उलट तो आणखी घट्ट बसतो. रेडिएटरचे वरचे दोन ब्रॅकेट सोडून तो इंजिनाकडे थोडा झुकवला की टॉर्चच्या उजेडात हा थर दिसतो. बऱ्याच गाड्यांत यासाठी एसीचा गॅस काढावा लागत नाही. शक्य असल्यास रेडिएटर पूर्ण बाहेर काढावा, मऊ ब्रशने थर उचलावा आणि साध्या नळाच्या धारेने मागून पुढे, म्हणजे हवा जाते त्याच्या उलट दिशेने, धुवावे. प्रेशर वॉशर वापरू नये. ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या आडव्या पडतात आणि मग कायमची वाट बंद होते. त्याच वेळी खालच्या भागातल्या पट्ट्या बोटाने हलकेच तपासा. त्या भुगा होऊन गळत असतील तर रेडिएटर धुऊन उपयोग नाही, तो बदलावाच लागेल.

जोडीने पंख्याभोवतीचे प्लास्टिकचे श्राउड (आवरण) आणि रेडिएटरच्या कडांना असलेल्या फोमच्या पट्ट्या जागेवर आहेत का ते पाहावे. एखाद्या जुन्या अपघाताच्या दुरुस्तीत त्या गाळल्या जातात आणि कोणाला त्यांची उणीव भासत नाही. त्या नसल्या की उभ्या गाडीत इंजिनाकडची गरम हवा कडेने फिरून पुन्हा पुढे येते आणि पंखा तीच हवा पुन्हा ओढतो.

थर्मोस्टॅट मात्र आजच परत बसवून घ्या. तो काढल्यावर इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, ईसीयू (इंजिनाचा संगणक) जास्त पेट्रोल देत राहतो आणि झीज वाढते. शिवाय ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो, तिथे तो नसला की गरम कूलंटचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून तसाच इंजिनात परततो. म्हणजे तापणाऱ्या गाडीवर केलेला हा उपाय तापणे वाढवूही शकतो. नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी पाण्याच्या भांड्यात थर्मामीटरसह गरम करून पाहावा. त्यावर छापलेल्या आकड्याच्या आसपास, म्हणजे ८२ किंवा ८८ अंशांना, तो उघडू लागला पाहिजे.

रेडिएटरचे झाकण ही स्वस्त आणि दुर्लक्षित वस्तू आहे. ०.९ बार दाब धरून ठेवणाऱ्या चांगल्या झाकणाखाली साधे पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळते. स्प्रिंग सैल झालेल्या झाकणाखाली ते बरेच आधी उकळू लागते. रबर कडक झाले असेल, तर तपासण्यात वेळ न घालवता त्याच दाबाचे नवे झाकण घ्यावे. कूलंटमध्ये बोअरचे पाणी कधीही घालू नये, कारण त्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि इंजिनाच्या जॅकेटमध्ये (कूलंट खेळणाऱ्या पोकळीत) थर धरतात. पाणी न मिसळता निव्वळ घट्ट (कॉन्सन्ट्रेट) कूलंट भरणेही चुकीचे आहे. कूलंटमधले ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेते, म्हणून घट्ट कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये बाटलीवरील प्रमाणानेच मिसळावे आणि तयार मिश्रण मिळत असेल तर त्यात काहीच मिसळू नये. भरल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून कूलंटमध्ये अडकलेली हवा काढावी.

घाटातल्या निरीक्षणाचा अर्थ अजून लावायचा आहे. दुसऱ्या गिअरमध्ये, भार जास्त आणि वेग कमी असताना, वाऱ्याची मदत थोडीच मिळते, त्यामुळे एसी चालू असता काटा किंचित सरकणे हे हवेच्या दोषाशी सुसंगत आहे. पण तोच घाट एसी बंद ठेवून चढा. तरीही काटा वर गेला, तर कूलंटच्या प्रवाहाकडे वळावे लागेल: रेडिएटर आतून चोंदलेला आहे का, वॉटर पंपाची पाती झिजली आहेत का, पट्टा एसीच्या भाराने घसरतो का. चोंदलेल्या रेडिएटरवर इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवला की गरम जाळीमध्ये थंड पट्टे सापडतात. तिथून कूलंट वाहत नसते. प्लास्टिकच्या टाक्यांचे ॲल्युमिनियमचे रेडिएटर जुन्या पितळी रेडिएटरसारखे उघडून साफ करता येत नाहीत, ते बदलणेच योग्य.

एसीचा गॅस अलीकडे भरून घेतला असेल, तर तो वजनाने भरला की नुसत्या अंदाजाने, हेही विचारा. गॅस जास्त झाला की दाब वाढतो, कॉम्प्रेसर इंजिनाला अधिक ओढतो आणि कंडेन्सर अधिक तापतो.

हे सगळे होईपर्यंत गर्दीत एसी बंद ठेवा. तरीही काटा चढला तर काचा उघडून हीटर पूर्ण गरमवर लावा, सुरक्षित जागी थांबा, आणि गाडी पूर्ण निवेपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नका. लाल रेषेपर्यंत तापलेली गाडी "थोडेच अंतर राहिले आहे" म्हणून पुढे दामटली, तर आज नसलेला हेड गॅस्केटचा (हेडखालच्या सीलचा) दोष त्याच दिवशी निर्माण होईल.

हेड गॅस्केटची शंका दूर करण्यासाठीही आधी हेड उतरवावे लागत नाही. रेडिएटरच्या तोंडाशी लावून करायची निळ्या द्रवाची चाचणी असते. ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये येत असेल तर तो द्रव पिवळा पडतो. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच वरची होज दगडासारखी कडक होते का, गाडी गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो का, ऑइल दुधाळ झाले आहे का, रिझर्व्ह बाटलीत सतत बुडबुडे येतात का, हे पाहा आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून घ्या. कूलंट कमी होत नाही आणि महामार्गावर ताशी ८० च्या वेगाने, एसी लावून, गाडी थंड राहते, या दोन्ही गोष्टी आजघडीला गॅस्केटच्या विरोधात जातात. निळ्या द्रवाचा रंग बदलला किंवा एखाद्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी निघाले, तरच हेड उतरवायला परवानगी द्या.