मृगाच्या आधी : धाबं, ड्रिप, कूलर आणि दादर

मृग ७-८ जूनला लागतो. त्याआधीच्या पंधरा दिवसांत उरकायच्या कामांबद्दल धुळे, जळगाव आणि नंदुरबारहून बरीच पत्रं आली आहेत. एकाच विषयावरची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत. धाब्याचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा, प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारला, म्हणून त्याला जागाही जास्त दिली आहे.

प्रश्न : आमचं जुनं धाब्याचं घर आहे. दर उन्हाळ्यात वर खारी (धाब्यावर टाकायची पांढरी माती) टाकतो, तरी गेल्या पावसाळ्यात दोन खोल्या गळल्या. यंदा शेतातली काळी माती टाकावी का? की खाली प्लास्टिकचा कागद अंथरावा? (शिंदखेडा तालुका)

काळी माती अजिबात नको. ती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तशाच धाब्यावरही पडतील आणि पहिल्याच सरीचं पाणी थेट कड्यांवर (छताच्या लाकडी तुळयांवर) उतरेल.

खारी पाणी का अडवते, हे एकदा समजलं की बाकीचं सोपं होतं. खारी ही चोपण जमिनीची माती, आणि चोपण जमिनीत सोडियम जास्त असतो. पाणी लागलं की अशा मातीचे बारीक कण एकमेकांपासून सुटतात आणि छिद्रांत जाऊन बसतात. शेतात याच कारणाने पाणी मुरत नाही, तळं साचतं. शेताचा हा दोष धाब्याला गुण ठरतो. म्हणून नाल्याकाठची प्रत्येक पांढरी माती खारी नसते. वर मिठाची पांढरी पापडी दिसली तरी तेवढ्यावर भरवसा ठेवू नका, पारखून घ्या. काचेच्या ग्लासात साठवलेलं पावसाचं किंवा आरओचं पाणी घ्या. बोअरचं नको, त्यातल्या क्षारांमुळे पारख फसते. त्यात हरभऱ्याएवढं कोरडं ढेकूळ अलगद सोडा आणि हलवू नका. दोनेक तासांत ढेकळाभोवती दुधासारखा ढग पसरला आणि सकाळपर्यंत पाणी गढूळच राहिलं, तर ती खारी धाब्याच्या कामाची. ढेकूळ नुसतं विस्कटून तळाशी बसलं आणि वरचं पाणी नितळ राहिलं, तर ती माती आणण्यात ट्रॉलीचं भाडं घालवू नका.

याच कारणाने धाब्यावर चुना, जिप्सम किंवा पीओपीचा राडारोडा टाकू नये. चोपण जमिनीत पाणी मुरावं म्हणून आपण जिप्सम टाकतो. तेच धाब्यावर पडलं की बंद झालेली छिद्रं पुन्हा मोकळी होतात. घराची डागडुजी करताना उरलेलं सामान वर फेकून देतात आणि पुढच्या वर्षी नेमकं तिथेच गळतं.

आता वजनाचं बघू. दहा बाय दहाच्या खोलीवर एक इंच माती म्हणजे आठ घनफुटांहून थोडी जास्त. कोरडी असताना साडेतीनशे किलोच्या आसपास, भिजली की आणखी जड. दरवर्षी जुनी न काढता इंचभर नवी टाकली, तर पंधरा वर्षांत त्या एका खोलीवर पाच टनांचं ओझं होतं. मग कड्या वाकतात, मधोमध खोलगट भाग होतो आणि पाणी पन्हाळाकडे न जाता तिथेच थांबतं. तुमच्याकडे दरवर्षी खारी टाकूनही गळतं, त्याचं कारण बहुधा हेच आहे. म्हणून आधी वरची सुटी, गवताळ माती खरवडून खाली उतरवा.

त्याच वेळी खोलीत शिडी लावून कड्यांची टोकं तपासा. कडी भिंतीत शिरते तिथे ओल धरते आणि लाकूड आधी तिथेच कुजतं. स्क्रूड्रायव्हर दाबून पाहा. तो बोटाच्या पेरापेक्षा जास्त आत गेला, तर खालून टेकू दिल्याशिवाय वर एक पाटीही माती टाकू नका आणि त्या खोलीत झोपूही नका.

गवत आत्ता, कोरड्यात, मुळासकट काढायचं. उंदरांची बिळं खणून ओल्या चिखलाने ठासून भरायची. नुसतं तोंड बुजवलं तर पाणी आतून वाट काढतं. उतार दर चार फुटांना एक इंच पुरतो. त्याहून जास्त दिला तर जोराच्या पावसात खारीच वाहून जाते. भिंतीकडच्या कडा, साण्याभोवतीची (छतातल्या झरोक्याभोवतीची) जागा आणि पन्हाळाचं तोंड इथे हात राखू नका, कारण गळती मधून कमी आणि सांध्यातून जास्त होते. सांध्यावर माती चार बोटं वर चढवून गोलाई द्या. मग दोन इंच खारी पसरा, पाणी शिंपडून मुठीत लाडू वळेल इतपत ओली करा आणि चोपून दीड इंचावर आणा.

प्लास्टिकचा कागद आम्ही सुचवत नाही. कड्यांची ओल खाली कोंडते, लाकूड लवकर जातं आणि उंदराने एक भोक पाडलं तरी पाणी कुठून शिरतंय हे शोधता येत नाही.

पाव पोतं खारी कोरडी करून घरात ठेवा. पहिल्या पावसानंतर दोन-तीन दिवस उघाड मिळाली की बारीक भेगा दिसतात. त्यांत ही भुकटी झाडूने लोटून द्या. धाबं ओलं असताना वर चढू नका, पावलांचे खड्डे पडतात. पावसाळ्यात उगवलेलं गवत विळ्याने कापा, उपटू नका.

प्रश्न : केळीच्या ड्रिपला शेवटच्या झाडांपर्यंत पाणी पोचत नाही. ड्रिपरवर पांढरा थर दिसतो. ॲसिड सोडायला सांगतात, किती आणि कसं? (रावेर तालुका)

आधी थर कशाचा आहे ते पाहा. एक ड्रिपर किंवा नळीचा तुकडा कापून त्यावर ॲसिडचा थेंब टाका. फसफसलं तर चुन्याचा थर, तिथे ॲसिड चालेल. फसफसलं नाही आणि हाताला बुळबुळीत लागलं, तर ते शेवाळ. त्याला ॲसिड नव्हे, क्लोरीन लागतं. ही दोन्ही कधीही एका वेळी किंवा एका टाकीत घ्यायची नाहीत. ब्लीचिंग पावडरमध्ये ॲसिड पडलं की क्लोरीन वायू निघतो, आणि मोटारीच्या बंद खोलीत तो जिवावर बेततो.

मे महिन्यात हे वाढतं कारण बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट असतं. उन्हात नळी तापते, ड्रिपरच्या तोंडाशी उरलेलं पाणी सुकतं आणि चुना तिथेच बसतो.

ॲसिडचं माप दुसऱ्याच्या शेतावरून घेऊ नका, पाणी वेगळं असतं. आपल्या बोअरचं १० लिटर पाणी प्लास्टिकच्या बादलीत घ्या. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड एकेक मिली टाकत, ढवळत, पीएच कागद बुडवून पाहा. कागद ४ दाखवेपर्यंत किती मिली लागलं ते लिहून ठेवा. समजा ६ मिली लागलं, म्हणजे लिटरला ०.६ मिली. तुमचा एक सेक्शन तासाला १२,००० लिटर पाणी देत असेल, तर १५ मिनिटांत ३,००० लिटर जाईल आणि त्याला १.८ लिटर ॲसिड लागेल.

क्रम असा ठेवा. फिल्टर आधी साफ करा. फिल्टरच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबात अर्ध्या किलोहून जास्त फरक असेल तर दोष ड्रिपरचा नाही, फिल्टर तुंबलाय. मग सबमेनचा (लॅटरलना पाणी देणाऱ्या जाड नळीचा) फ्लश व्हॉल्व्ह उघडा. त्यानंतर लॅटरलची (ड्रिपर असलेल्या बारीक नळ्यांची) टोकं चार-पाच करून खोला आणि नितळ पाणी येईपर्यंत चालू ठेवा. टोकं बंद करून दाब स्थिर झाला की ॲसिड फिल्टरनंतरच्या नळीत सोडा, नाहीतर लोखंडी फिल्टर खराब होतो. ॲसिडचं पाणी शेवटच्या ड्रिपरपर्यंत पोचलं का, हे तिथल्या थेंबावर पीएच कागद लावून बघा. पोचलं की मोटार बंद करा आणि २४ तास तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी सगळी टोकं पुन्हा उघडून धुऊन काढा. हे शेवटचं धुणं टाळलं, तर सुटलेल्या खपल्या पुढच्या ड्रिपरमध्ये जाऊन अडकतात आणि काम आधीपेक्षा बिघडतं.

टाकीत आधी पाणी, मग ॲसिड. उलटं केलं तर उसळून अंगावर येतं. रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि शेजारी साध्या पाण्याची भरलेली बादली.

आणखी एक. कॅल्शियम नायट्रेट आणि १२:६१:० (विरघळणारं फॉस्फेट खत) एकाच टाकीत कालवत असाल तर ते आजच थांबवा. दोन्ही मिळून न विरघळणारा साका होतो. तोही असाच पांढरा दिसतो, पण ॲसिडचा थेंब टाकला तर फसफसत नाही.

प्रश्न : मे महिन्यात कूलर घर गार करतो, जून लागला की नुसती चिकट हवा. मोटार बिघडली का? (भुसावळ तालुका)

मोटार ठीक आहे. कूलर पाणी उडवून हवा गार करतो आणि पाणी कोरड्या हवेतच उडतं. बाहेर ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर चांगला कूलर २७-२८ अंशांची हवा देतो. जूनमध्ये ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असताना तीसच्या खाली उतरणं त्याला जमत नाही. तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवा. मे महिन्यातही समोरची खिडकी वितभर उघडी हवी. आलेली हवा बाहेर गेली नाही तर दमटपणा खोलीतच साचतो.

टाकीत दिवसभर वरून पाणी ओतत राहिलं की क्षार वाढत जातात आणि कूलरच्या जाळीतला घास (गवत) दगडासारखा कडक होतो. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासून कोरडी करा, म्हणजे डेंग्यूच्या डासांची अंडीही जातील. पाणी भरण्याआधी पिन काढायची, नुसतं बटण बंद करून भागत नाही. पत्र्याच्या कूलरला अर्थिंग नसेल तर तो वापरूच नका. ओल्या फरशीवर अनवाणी पाय आणि पत्र्यात उतरलेला करंट, यात माणूस वाचत नाही.

प्रश्न : वर्षाची दादर (रब्बी ज्वारी) आणि गहू कोठीत भरायचे आहेत. पुरेसं वाळलंय हे कसं ओळखावं? आणि मुगाला दरवर्षी भुंगा लागतो. (पारोळा तालुका)

ताई, दाण्याचा दाताखाली ‘कट्’ आवाज आला पाहिजे, ही जुनी पारख बरोबर आहे. तिच्या जोडीला मिठाची पारख करा. चमचाभर मीठ तव्यावर कोरडं करून गार होऊ द्या. ते कोरड्या काचेच्या बरणीत टाका, वर एक-तृतीयांश बरणी धान्य घाला, झाकण लावून मिनिटभर हलवा आणि दहा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल १५ टक्क्यांहून जास्त आहे. चिकटलं नाही तरी लगेच भरू नका. वर्षभर टिकायला ओल १२ टक्क्यांच्या आत हवी, म्हणून आणखी दोन कडक उन्हं द्या.

सगळ्यात जास्त नुकसान धान्य गरम असताना कोठीत भरल्याने होतं. रात्री पत्रा गार पडला की आतली वाफ झाकणाला थेंब होऊन धरते आणि वरच्या वितभर थराला बुरशी येते. ऊन दिलेलं धान्य रात्रभर घरात पसरून ठेवा आणि सकाळी भरा.

मुगाचा भुंगा बऱ्याचदा शेतातूनच येतो, शेंगेवर अंडी असतात. खाण्याच्या मुगाला किलोमागे ५ ते १० मिली शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल हाताने चोळा. अंडी दाण्यावर तग धरत नाहीत. दुसरा उपाय उन्हाचा : गोणपाटावर मूग बोटभर जाडीचा पसरा, वर पारदर्शक प्लास्टिक टाका, कडा विटांनी दाबा. मे महिन्याच्या उन्हात पाच-सहा तासांत आत भुंगा आणि अंडी मरण्याइतकी उष्णता होते. बियाण्याचा मूग मात्र यातून वेगळा ठेवा. निंबाचा पाला घालणार असाल तर सावलीत पूर्ण वाळवूनच. ओल्या पाल्याने धान्याची ओल वाढते.

गव्हात टाकायच्या विषारी गॅसच्या गोळ्या राहत्या घरात आणू नका. त्यांचा वायू बंद खोलीत झोपलेल्या माणसांना मारतो.

प्रश्न : पावसाळ्यात मळ्यातल्या घरात साप शिरतात. दाराशी फिनेल टाकावं का? (शहादा तालुका)

फिनेल, रॉकेल, कार्बोलिक ॲसिड यांपैकी कशानेच साप थांबत नाही. भिंतीला टेकून रचलेल्या पऱ्हाट्या (कापसाच्या वाळक्या काड्या) आणि सरपण हलवा. उंदीर तिथे राहतात आणि साप उंदरांमागे येतो. ढीग घरापासून दहा-पंधरा फुटांवर, दगडांवर फूटभर उचलून रचा. दाराखालची फट करंगळी जाईल एवढी असली तरी पट्टी ठोका.

मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. सूज नाही, फारशी आगही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, आणि तोवर बराच वेळ गेलेला असतो. म्हणून खाटेवर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली खोचा. पहाटे असं काही जाणवलं तर चावल्याची खूण शोधत बसू नका. चावलेली जागा कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. हात किंवा पाय काठी लावून स्थिर ठेवा आणि १०८ ला फोन करा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांना एकच लस चालते, त्यामुळे साप मारून सोबत न्यायची गरज नाही. सगळ्यात जवळ ती लस कुठल्या सरकारी दवाखान्यात मिळते आणि रात्री तिथे डॉक्टर असतो का, हे याच आठवड्यात जाऊन विचारा आणि नंबर दाराच्या आत खडूने लिहून ठेवा.