एका वर्षाची असताना दूध-अंडं, सहाव्या वर्षी धूळ-पराग: ॲलर्जी टेस्ट बदलली कशी?

तुमची मुलगी 1 वर्षाची असताना दूध आणि अंड्याला पॉझिटिव्ह होती. दोन वर्षांपूर्वी तुम्ही दुसऱ्या प्रदेशात राहायला गेलात आणि आता 6 व्या वर्षी धुळीतले माइट्स (डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे) व गवताचे पराग पॉझिटिव्ह आलेत. आधीची टेस्ट चुकली होती का, असं तुम्ही विचारलंय.

चुकली असेलच असं नाही. पॉझिटिव्ह टेस्ट एवढंच सांगते की त्या पदार्थाविरुद्ध आयजीई, म्हणजे ॲलर्जीशी निगडित अँटिबॉडी, तयार झाली आहे (यालाच सेन्सिटायझेशन म्हणतात). त्रास होतो की नाही, हे लक्षणांवरूनच ठरतं. आणि अँटिबॉडी कशाविरुद्ध तयार होणार, हे शरीराची कोणत्या वयात कशाशी गाठ पडते यावर बरंच अवलंबून असतं.

पहिल्या दोन वर्षांत ही गाठ मुख्यतः अन्नाशी पडते. एक्झिमा (त्वचा कोरडी पडून खाजणारा आजार) असेल तर फाटलेल्या त्वचेतूनही अन्नाचे कण आत जातात. माइट्स आणि मांजर घरात बारा महिने असतात, पराग मात्र वर्षातले काही आठवडेच हवेत असतात. म्हणून परागांचं सेन्सिटायझेशन सहसा उशिरा दिसतं आणि किशोरवयापर्यंत वाढत जातं. दूध-अंड्याची ॲलर्जी बहुतेक मुलांत ओसरते, शेंगदाण्याची साधारण पाचांपैकी एकाच मुलात.

रक्ततपासणीतल्या आयजीईच्या आकड्याचा अर्थही वयाप्रमाणे बदलतो. अंड्याचं आयजीई 7 किलोयुनिट प्रति लिटर असेल तर खाल्ल्यावर रिॲक्शन येण्याची शक्यता सुमारे 95 टक्के धरतात. 2 वर्षांखालच्या बाळात त्यासाठी 2 पुरतं. दुधासाठी हेच आकडे 15 आणि 5. पण ते अमेरिका आणि स्पेनमधल्या, आधीच ॲलर्जी क्लिनिकमध्ये आलेल्या मुलांवरून निघालेत, ते कुठल्याही मुलाला जसेच्या तसे लावू नयेत.

प्रदेशाचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण रिपोर्ट वाचताना तोच सुटतो. माइट्स हवेतूनच ओलावा शोषतात. आर्द्रता बराच काळ 50 टक्क्यांखाली राहिली की ते सुकून मरतात. त्यामुळे स्वित्झर्लंडमधल्या दावोससारख्या उंच, कोरड्या गावात ते फार कमी, तर दमट उष्ण कटिबंधात नेहमीच्या माइट्सच्या जोडीला ब्लोमिया ट्रॉपिकॅलिस ही माइटची आणखी एक जातही असते. टेस्टच्या यादीत तीच नसेल तर निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबता येत नाही. स्वीडन-फिनलंडमध्ये बर्च, दक्षिण स्पेनमध्ये ऑलिव्ह, जपानमध्ये सुगी (जपानी सीडर) या झाडांचे पराग पुढे असतात. बर्चच्या प्रदेशात सफरचंद पॉझिटिव्ह आलं तर बहुधा तोंडाला खाज येण्यापुरतंच असतं, कारण दोघांतली प्रथिनं सारखी दिसतात. भूमध्य समुद्राकाठी मात्र पीच-सफरचंदाची ॲलर्जी बऱ्याचदा उष्णतेने न मोडणाऱ्या दुसऱ्याच प्रथिनामुळे होते आणि गंभीर होऊ शकते. नुसतं वंशाकडे बोट दाखवूनही भागत नाही: फिनलंड-रशिया सीमेवरच्या कारेलिया प्रदेशात फिनिश बाजूची मुलं रशियन बाजूच्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त सेन्सिटाइझ्ड आढळली, आणि दोन्हींकडचे लोक वंशाने जवळचे आहेत.

पुढची टेस्ट करताना शंभर पदार्थांचं पॅनल टाळा. लक्षणं, वय आणि तिथली हवा पाहून निवडलेले आठ-दहा पुरतात. प्रिक टेस्टआधी (त्वचेवर पदार्थाचा थेंब ठेवून हलकं टोचतात ती) 5 ते 7 दिवस अँटिहिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीचं औषध, बंद असावं लागतं. ते कोणतं आणि कधी थांबवायचं, हे डॉक्टरांना विचारा. 15 मिनिटांनी गांध मोजतात, ती निगेटिव्ह कंट्रोलपेक्षा (ॲलर्जीचा पदार्थ नसलेल्या थेंबापेक्षा) किमान 3 मिमी मोठी हवी. तुलनेसाठी टोचलेल्या हिस्टामिनची गांध उठायलाच हवी; तीच उठली नाही तर ती टेस्ट धरू नका. तान्ह्या बाळात हिस्टामिनचीही गांध लहान उठते, म्हणून तिच्याशी तुलना करून वाचतात. नव्या जागी गेल्या गेल्या परागांची टेस्ट करून फारसं हाती लागत नाही, निदान दोन मोसम जाऊ द्या.

आणि कळकळीने सांगतो, मुलगी जे अन्न विनात्रास खाते ते केवळ रिपोर्ट पाहून बंद करू नका. एक्झिमा असलेल्या मुलांत असं अन्न बराच काळ तोडलं तर सहनशक्ती जाऊन पुढे खरीखुरी रिॲक्शन येऊ शकते. उलट, अंडं किंवा दूध तेव्हापासून बंदच असेल तर आताची टेस्ट निगेटिव्ह आली तरी घरी देऊन पाहू नका. पहिला घास डॉक्टरांच्या देखरेखीखाली, फूड चॅलेंजमध्येच (दवाखान्यात थोडं थोडं खाऊ घालून पाहण्याच्या टेस्टमध्ये) द्या.