सावलीत बसतात, छाया रंगवतात

एका आईंचा प्रश्न आला आहे. त्यांची मुलगी इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला बसते आहे. वस्तुचित्र शिकवताना बाई 'छाया' वेगळी आणि 'पडछाया' वेगळी असं सांगतात. घरी मात्र दोन्हींना सावलीच म्हणतात. तर हे तीन शब्द खरोखर वेगळे, की बोली आणि पुस्तकी एवढाच फरक?

वेगळे आहेत, आणि बाईंचं बरोबर आहे. एखाद्या शब्दाचा नेमका अर्थ हाती लागत नसेल तर मी आधी त्याचा जोडीदार शोधते. सावलीचा जोडीदार ऊन. छायेचा जोडीदार प्रकाश. आपण 'ऊनसावली' म्हणतो आणि 'छायाप्रकाश' म्हणतो. अदलाबदल करून पाहा: 'प्रकाशसावली', 'ऊनछाया'. जीभ अडखळते. ऊन अंगाला लागतं, प्रकाश डोळ्यांना दिसतो. तसंच सावली ही मुळात अंगाची गोष्ट आहे आणि छाया डोळ्यांची.

"उन्हात काय उभे, सावलीला या" असं कोणीही कोणालाही म्हणतं. 'छायेला या' कोणी म्हणत नाही. सावली दाट असते, गार असते, तिच्यात बसता येतं, डबा सोडता येतो, गुरं बांधता येतात. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात समबुद्धीचा दाखला येतो तो याच शब्दाने: झाड लावणारा आणि झाडावर घाव घालणारा, 'दोघां एकचि साउली' वृक्ष देतो. तिथे 'साउली' म्हणजे जमिनीवर दिसणारा काळा आकार नव्हे, तो गारवा आहे. म्हणून तर ती देता येते.

याच शब्दाची दुसरी बाजू विसरून चालणार नाही. पेशवाईत अस्पृश्याची सावली पडून विटाळ होऊ नये म्हणून, समोरून सवर्ण येत असेल तर त्याला सार्वजनिक रस्ता वापरायची मुभा नव्हती, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली छापलेल्या, प्रत्यक्षात होऊ न दिलेल्या भाषणात नोंदवलं आहे. विटाळ हा स्पर्शाचा मानलेला. म्हणजे सावलीसुद्धा स्पर्श करते असं धरलेलं. झाडाची सावली हवीशी आणि माणसाची नकोशी करणारा तो काळ आठवला की हा शब्द लिहिताना माझा हात थांबतो. अर्थ मात्र दोन्हीकडे तोच राहतो: सावली अंगाला लागते.

आता छाया. संस्कृतात या शब्दाचे अर्थ बरेच पसरलेले आहेत: सावली, कांती, प्रतिबिंब, हुबेहूब प्रतिरूप. सूर्याचं तेज सोसवेना म्हणून त्याची पत्नी संज्ञा निघून गेली आणि जागेवर आपलंच प्रतिरूप ठेवून गेली, तिचं नाव छाया. शनी तिचा मुलगा, म्हणून शनीच्या श्लोकात 'छायामार्तंडसंभूतं' येतं. गाथासप्तशतीसारख्या प्राकृत ग्रंथाच्या छापील प्रतीत प्रत्येक गाथेखाली 'संस्कृत छाया', म्हणजे त्याच गाथेचं संस्कृत रूप, दिलेली असते, तिथेही प्रतिरूप हाच अर्थ. गाणारे म्हणतात, या रागात अमक्याची छाया दिसते. दुसऱ्या रागाची अशी झाक घेणाऱ्या रागांना 'छायालग' असं नावच आहे. आणि 'छायाचित्र'? 'फोटो'च्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ प्रकाश, मग मराठीने उलटं का केलं असं अनेकांना वाटतं. माझ्या मते उलटं काहीच झालेलं नाही. छाया म्हणजे प्रतिरूप हा जुना अर्थ धरला की शब्द चपखल बसतो. सरकारी अर्जातली 'छायांकित प्रत' त्याच वाटेने आलेली.

पडछायेतला 'पड' पडण्याचा नाही. तो 'प्रति'चा आहे. प्रतिशब्द–पडसाद, प्रतिजिव्हा–पडजीभ, तशीच प्रतिच्छाया–पडछाया. आवाज समोर आपटून परत येतो तो पडसाद. वस्तूचा आकार समोरच्या पृष्ठभागावर उमटतो ती पडछाया. म्हणून पडछायेला दुसरी जागा लागते: भिंत, जमीन, टेबल. तांब्याच्या स्वतःच्या अंगावर, प्रकाशाकडे पाठ असलेल्या बाजूला जे काळवंडलेपण असतं ती छाया, आणि तांब्यामुळे टेबलावर उमटते ती पडछाया. बाईंना हेच सांगायचं आहे. छायेने तांब्या गोल होतो, पडछायेने तो टेबलावर टेकतो. पडछाया काढली नाही तर तो हवेत तरंगतो.

एकीशिवाय दुसरी असू शकते, हे पाहायचं तर अजिंठ्याला जावं. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाचा चेहरा कडेकडेने गडद होत जातो, त्यातून गाल आणि नाक उठून येतात. या गोलाई आणण्याच्या छटांना जुन्या शिल्पग्रंथांत 'वर्तना' म्हटलं आहे. पण त्या आकृत्यांच्या पडछाया कुठेच नाहीत. दिवा कुठे आहे, सूर्य कुठे आहे, हे चित्रकाराला सांगायचंच नाही. युरोपात कॅराव्हाजिओ या इटालियन चित्रकाराने सोळाव्या शतकाच्या शेवटी नेमकं तेच सांगायला घेतलं: उजेड एका बाजूने येतो, बाकी खोली काळोखात.

आपल्याकडे हा धडा किती हळुवारपणे उतरला ते सावंतवाडीत जन्मलेल्या सा. ल. हळदणकरांच्या 'ग्लो ऑफ होप' या चित्रात दिसतं. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात ते आहे. हाती दिवा घेतलेली, ज्योतीआड तळवा धरलेली स्त्री. बोटांमधून झिरपणारा तो तांबूस उजेड पाहताना अनेक जण हे तैलचित्र समजतात, रवि वर्म्याचं समजतात. ते जलरंगातलं आहे. पारदर्शक जलरंगात उजेड रंगवत नाहीत, कागद राखतात. भोवतालची छाया चढवत न्यायची आणि उजेडाची जागा सोडायची.

इथेच मला दोन जोड्यांमधला खरा फरक दिसतो. ऊन आणि सावली आळीपाळीने येतात. श्रावणात तर घडीघडीला. म्हणून आयुष्याबद्दल बोलताना आपण 'सुखदुःखाची ऊनसावली' म्हणतो: एक जातं, दुसरं येतं. छाया आणि प्रकाश एकाच वेळी, एकाच चेहऱ्यावर असतात. चेहऱ्यावर 'दुःखाची छाया' असते, सावली नव्हे, कारण त्या चेहऱ्यावर हसूही असू शकतं. ('सावट' याहून वेगळं. ते अजून न आलेल्या गोष्टीचं असतं: दुष्काळाचं, युद्धाचं.)

सीमारेषा मात्र पक्की नाही. 'सावलीसारखा पाठीशी' यात सावली म्हणजे आकारच. मे महिन्यात भर दुपारी सूर्य डोक्यावर येतो त्या दिवसाला वर्तमानपत्रं 'शून्य सावली दिवस' म्हणतात, तिथे काटेकोर शब्द पडछाया झाला असता. लोकांनी सावली निवडली, आणि मला तीच आवडते.

मुलीसाठी एक गोष्ट. सकाळच्या उन्हात अंगणात काठी रोवून तिची पडछाया पाहायला सांगा. काठीच्या बुडाशी कड धारदार असते, शेंड्याकडे ती मऊ होत जाते. सूर्य हा ठिपका नाही, तबकडी आहे, म्हणून असं होतं. कौलांच्या फटीतून पडणारा कवडसाही त्याच कारणाने गोल असतो, फट कशीही वेडीवाकडी असो. तो सूर्याचं चित्र असतो. दहा फुटांवरून पडला तर साधारण इंचभर. खंडग्रास ग्रहणात कवडशाची कोर होते. चित्रात पडछायेची कड सगळीकडे सारखी ठळक काढली की ती काळ्या कागदाची कात्रण वाटते; बुडाशी ठळक ठेवून पुढे विरत नेली की तांब्या उन्हात येतो.