वाचकांचे प्रश्न : पाऊस तेवढाच, मग पूर वेगळा का?

प्रश्न : २५ जुलै २०२४ रोजी मुठेचे पाणी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत शिरले, तेव्हापासून मी पावसाळ्यात पावसाचे आणि विसर्गाचे आकडे लिहून ठेवतो. जूनमध्ये मोठा पाऊस झाला तरी खडकवासला धरणातला येवा, म्हणजे धरणात येणारे पाणी, फारसा वाढत नाही. जुलैअखेरीस मात्र तेवढ्याच पावसात खडकवासल्याचे दरवाजे उघडावे लागतात. नदीच्या प्रवाहाचा अंदाज देणाऱ्या संगणकीय मॉडेलला हा फरक कळतो का, की ते केवळ पावसाच्या आकड्यावर गणित करते?
— एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : कळतो, परंतु तो कळावा अशी सोय मॉडेल रचणाऱ्याने केली असेल तरच. पडलेल्या पावसापैकी किती पाणी जमिनीत मुरले, किती झाडांनी आणि उन्हाने परत हवेत नेले, किती खडकांच्या भेगांत साठले आणि उरलेले किती वेळात नदीपर्यंत पोहोचले, याचा हिशेब म्हणजेच नदीच्या प्रवाहाचे मॉडेल. यातील एकही नोंद चुकली तरी शेवटची बाकी चुकते, आणि ही बाकी म्हणजेच आपण ज्याला पूर म्हणतो ते पाणी.

आपण नोंदवलेला फरक मुख्यतः मातीतील ओलाव्यामुळे पडतो. अमेरिकेच्या मृदासंधारण विभागाने विकसित केलेली ‘कर्व्ह नंबर’ पद्धत भारतातही सर्रास वापरली जाते. तिच्यात मातीचा प्रकार आणि जमिनीचा वापर पाहून पाणलोटाला एक अंक दिला जातो. मध्यम ओलाव्याच्या स्थितीत एखाद्या जमिनीचा अंक ७० असेल, तर तीच जमीन कोरडी असताना तो ५१ धरतात आणि आधीच्या पाच दिवसांच्या पावसाने ती भिजलेली असताना ८५ धरतात. आता या जमिनीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, असे समजून पद्धतीचे मूळ सूत्र लावून पाहावे : कोरड्या जमिनीवरून सुमारे ९ मिलिमीटर पाणी वाहून जाते, मध्यम ओलाव्यात ३३ आणि भिजलेल्या जमिनीवरून ६१. एक चौरस किलोमीटरवरील एक मिलिमीटर पाणी म्हणजे १० लाख लिटर, त्यामुळे पहिल्या आणि तिसऱ्या स्थितीत प्रत्येक चौरस किलोमीटरमागे ५ कोटी लिटरहून अधिक पाण्याचा फरक पडतो. पाऊस तेवढाच, नदी मात्र वेगळी.

ही पद्धत तीनच पायऱ्यांत विचार करते, म्हणून ती ढोबळ आहे. अधिक काटेकोर मॉडेल मातीतील ओलाव्याचा हिशेब दररोज किंवा दर तासाला पुढे नेतात, आणि तिथे बाष्पीभवनाचे खरे काम दिसते. ऐन पुराच्या दिवशी आकाश झाकोळलेले असल्याने बाष्पीभवन नगण्य असते, म्हणून ते सोडून देण्याचा मोह होतो. पण दोन झडींच्या मध्ये आठवडाभर ऊन पडले, तर मातीतला ओलावा कमी करून पुढच्या पावसाला जागा करून देते ते हेच बाष्पीभवन. ते चुकीचे धरले, तर पुढच्या पुराची सुरुवातच चुकीच्या आकड्यावरून होते.

खडकवासला साखळीच्या, म्हणजे खडकवासला आणि त्याच्या वरच्या टेमघर, वरसगाव व पानशेत या धरणांच्या, पाणलोटाची काही वैशिष्ट्येही बाहेरून आणलेल्या मॉडेलमध्ये आपोआप येत नाहीत. टेमघर, वरसगाव आणि पानशेतच्या वरच्या डोंगरांत मातीचा थर पातळ आहे आणि खाली बेसाल्टचा कातळ. आषाढातल्या सततच्या पावसाने तो थर तुडुंब झाला की पुढचा थेंब मुरायला जागाच उरत नाही. याउलट काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, मृगाचे पहिले पाणी त्या भेगांतून थेट खाली जाते, आणि माती फुगून भेगा मिटल्या की तीच जमीन पाणी वरच्यावर वाहू देते. मला सर्वांत महत्त्वाची वाटतात ती मुळशी-वेल्ह्याकडील भातखाचरे. आवणीच्या, म्हणजे भाताची रोपे लावण्याच्या, काळात बांध घातलेले प्रत्येक खाचर काही इंच पाणी धरून ठेवते, तोवर ओढ्याला फारसे पाणी येत नाही. खाचरे भरून बांधावरून पाणी जाऊ लागले की ओढे एकाएकी वाढतात. मॉडेलमध्ये हा उंबरठा नसेल, तर ते सुरुवातीला पूर फुगवून सांगते आणि नंतर कमी दाखवते. हिमालयातील नद्यांसाठी आवश्यक असलेला बर्फ वितळण्याचा भाग मात्र इथे निःसंकोच बंद ठेवता येतो.

शहराचे गणित निराळे आहे. डांबर आणि काँक्रीटवर मुरणे जवळजवळ नाहीच, त्यामुळे दिवसाच्या पावसापेक्षा तासाचा पाऊस महत्त्वाचा ठरतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर धरणाच्या विसर्गाचा नव्हता. कात्रजच्या बाजूला थोड्या वेळात झालेल्या जोरदार पावसाचा होता. चोवीस तासांची बेरीज घेणारे मॉडेल असा पूर पकडू शकत नाही.

एका धोक्याविषयी मी विशेष आग्रहाने लिहितो. मॉडेलचे अंक ठरवताना बहुधा एकाच जागेवरचा मोजलेला प्रवाह जुळवून पाहिला जातो. अशा वेळी मुरणे कमी आणि बाष्पीभवन जास्त धरूनही वर्षाचा एकूण प्रवाह बरोबर येऊ शकतो, कारण दोन चुका एकमेकींना झाकतात. पाऊस नेहमीसारखा असेपर्यंत हे लक्षात येत नाही. अतिवृष्टी किंवा अवर्षण आले की त्या उघड्या पडतात. म्हणून पुराच्या शिखराबरोबरच, पाऊस थांबल्यावर नदी किती वेगाने ओसरते आणि दिवाळीनंतर ओढ्यांना पाझराचे पाणी किती टिकते, हेही मॉडेलशी ताडून पाहिले पाहिजे. ओसरती नदी भूजलाची खरी साक्ष देते.

प्रश्न : मग उद्या खडकवासल्यातून किती विसर्ग होईल, हे अशा मॉडेलवरून सांगता येईल का?
— तेच वाचक

उत्तर : येवा सांगता येतो, विसर्ग हा दरवाजे चालवणाऱ्यांचा निर्णय असतो, आणि मॉडेलला त्याचे नियम वेगळे शिकवावे लागतात. खडकवासल्याची उपयुक्त साठवण दोन टीएमसीहूनही (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) थोडी कमी आहे, तर वरच्या तीन धरणांची मिळून सुमारे २७ टीएमसी. धरण रिकामे असले तरी ३५ हजार क्युसेकचा (सेकंदाला ३५ हजार घनफूट) येवा ते साधारण १६ तासांत भरून टाकील. अर्धे भरलेले असेल तर आठच तासांत. आपल्या वहीत पुणे शहराच्या पावसाशेजारी टेमघर, पानशेत आणि वरसगाव येथील पाऊस, चारही धरणांची त्या दिवसाची टक्केवारी आणि आधीच्या पाच दिवसांच्या पावसाची बेरीज, असे रकाने वाढवावेत. शहरात वर्षाला साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि घाटमाथ्यावर त्याच्या कित्येक पट, त्यामुळे शहरातील शिवाजीनगर वेधशाळेचा आकडा कितीही काळजीपूर्वक लिहिला तरी मुठेच्या पाण्याचा अंदाज त्यावरून बांधता येणार नाही.