मामाने पाठवलेले पैसे कोणत्या कोडखाली?

प्रश्न : माझा भाचा जर्मनीत शिकतो. बहिणीचे यजमान गेल्यापासून त्याचा खर्च मीच बघतो. गेल्या वर्षी बँकेने माझे पैसे ‘कुटुंबाचा निर्वाह’ या कोडखाली पाठवले. यंदा चार लाख पाठवायला गेलो, तर काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, भाचा चालत नाही. पोरगं मी वाढवलंय, मग ते माझ्या कुटुंबातलं कसं नाही?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : पोरगं तुमचंच, त्यात शंका नाही. पण मॅडमचं बरोबर आहे. परदेशात पाठवलेले पैसे कशासाठी आहेत, ते सांगणारा कोड बँक प्रत्येक व्यवहाराला लावते. निर्वाहाचा कोड एस १३०१. जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्यासाठी ‘नातेवाईक’ शब्दाचा अर्थ २०१३ च्या कंपनी कायद्यातून घेतला. त्यात पती-पत्नी, आईवडील, मुलगा-सून, मुलगी-जावई, भाऊ-बहीण आहेत, मामा-भाचे नाहीत. मला स्वतःला हे खटकतं. आपल्याकडे मामाने भाचा शिकवला, अशी घरं गल्लोगल्ली आहेत.

तुम्ही एस १३०२ लिहा, म्हणजे वैयक्तिक भेट. आयकर कायदा मामाला नातेवाईक मानतो, त्यामुळे या भेटीवर भाच्याला इथे कर नाही. वर्षभरात तुमच्या पॅनवर बाहेर गेलेली सगळी रक्कम १० लाखांच्या आत असेल, तर टीसीएसही, म्हणजे पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो करही, कापला जाणार नाही. बहिणीचे स्वतःचे पैसे असतील, समजा फॅमिली पेन्शनचे, तर ते तिच्या खात्यातून, तिच्या पॅनवर एस १३०१ खालीच जातील. आई-मुलाचं नातं यादीत आहे.

मी बँकेत फॉरेक्स डेस्कवर, म्हणजे परकीय चलनाच्या विभागात होतो तेव्हा शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांचे पैसे परदेशातून यायचे. बँक डॉलर विकत घ्यायची, म्हणून कोड ‘पी’चे, म्हणजे पर्चेसचे. तुम्हाला बँक परकीय चलन विकते, म्हणून ‘एस’, म्हणजे सेल. २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने ही यादी नव्याने लावली, तेव्हा आम्ही ती रात्री बसून पाठ केली होती. या कोडांवरूनच देशाचा परदेशाशी असलेला जमाखर्च मांडला जातो. परदेशातल्या शिक्षणाची फी एस ०३०५ खाली, प्रवासाच्या गटात मोडते. ती निर्वाहात घातली की तो हिशेब तेवढा चुकतो. म्हणून ‘काहीतरी टाका हो’ असं काउंटरवर कधी म्हणू नका.

गेल्या वर्षीच्या व्यवहारासाठी शाखेला साधं पत्र द्या, भाचा असल्याचं स्पष्ट लिहा आणि कोड दुरुस्त करायला सांगा. पत्राच्या प्रतीवर पोच घ्या. यंदाच्या ए-टू फॉर्मची, म्हणजे परदेशात पैसे पाठवताना बँकेत भरायच्या अर्जाची, झेरॉक्सही जवळ ठेवा.