दोन वर्षांनी आलेलं दुरुस्तीचं बिल द्यायचं का?

प्रश्न असा आहे: बाथरूमची गळती काढून दोन वर्षं झाली, कंत्राटदाराने बिल आत्ता पाठवलंय, द्यावं लागेल का?

नुसता उशीर झाला म्हणून देणं माफ होत नाही. पण लगेच पैसेही पाठवू नका. आधी जुनं कोटेशन, मेसेज आणि बँक स्टेटमेंट शोधा. माझ्या अशाच एका बिलात दिलेला अ‍ॅडव्हान्स वजाच केला नव्हता, शिवाय वॉटरप्रूफिंगचे दोन कोट मारून तीनचे पैसे लावले होते. लबाडी असेलच असं नाही, इतक्या दिवसांनी त्यालाही कुठे आठवतंय! मजुरी वेगळी, सामान वेगळं, असा तपशील लेखी मागा.

बहुतेक देशांत वसुलीच्या दाव्याला कायद्याने ठरावीक वर्षांची मुदत असते. ती संपत आली असेल तर जपून. "हो, देणं लागतो" असं लिहून दिलं किंवा थोडी रक्कम भरली, तर अनेक ठिकाणी मुदत नव्याने मोजतात. रक्कम मोठी असेल तर उत्तर देण्याआधीच वकिलाला विचारा.

हिशेब जुळला तर देऊन टाका. हप्ते मागायला लाजू नका, उशीर त्याने केलाय. आधी ठरलं नसेल तर व्याजाला सरळ नाही म्हणा, आणि पावतीवर "पूर्ण रक्कम मिळाली, येणे बाकी नाही" एवढं लिहून घ्याच.